विमानावर अंगठा आणि अंगठ्यावर विमान

प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला एका सहकारी बँकेत काउंटरला असतो. वडील ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झाले, जवळजवळ सगळी नोकरी मिगच्या कामावर. डिसेंबरात त्यांची पंच्याहत्तरी आहे, म्हणून त्यांच्यासाठी मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल करायला घेतलंय. १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, प्लॅस्टिकचं किट, जुन्या चंदेरी रूपातलं, अंगावर हिरवे-तपकिरी पट्टे नसलेलं. शाळेत असताना दोन-तीन किटं केली होती, त्यानंतर थेट आत्ता.

अडचण हातांची आहे. डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा उठलाय, प्लॅस्टिकमध्ये कोरावा तसा. उलट चंदेरी रंग माझ्या हाताला लागतो तो जाता जात नाही. फ्रीजच्या दांडीवर, मोबाईलवर, मुलीच्या वहीवर, सगळीकडे चंदेरी बोटं. परवा तर एका ग्राहकाच्या पासबुकावर उमटली. हात थिनरने धुतो. रंग जातो, पण आता बोटांची टोकं भेगाळलीत, लिंबू पिळलं की आग होते. हातमोजे घालून पाहिले तर आत घाम आणि बाहेर गम, एक मोजा विमानालाच चिकटून फाटला. बायकोने पोळ्यांच्या डब्याला हात लावायची बंदी केलीय. एखादा चांगला साबण किंवा क्रीम आहे का? बाकीचे लोक हात स्वच्छ ठेवतात तरी कसे?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार,

आधी बंदीचं बोलू. वहिनींचं बरोबर आहे. रंग, थिनर आणि पॉलिश पेपरची भुकटी यांतलं काहीच पोळीबरोबर पोटात जायच्या लायकीचं नाही. डिसेंबरापर्यंत वाढून घ्या आणि कुरकुर करू नका.

साबणाचं पुढे सांगतो. पण तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं, की रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तुमचे हात खराब होतात कारण विमान तुमच्या हातात आहे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागलं की दहा सेंटिमीटरलाही किंचित कमी भरतं. एवढंसं विमान मुठीत धरल्यावर रंगवायला जागा उरते कुठे? जिथे रंग लावायचाय तिथे बोट, जिथे आत्ताच लावून झालाय तिथेही बोट. वर्षानुवर्षं मॉडेल करणाऱ्यांकडे काही खास साबण नसतो. रंगाचं काम सुरू झालं की ते मॉडेलला हातच लावत नाहीत.

त्यात तुमचं नशीब असं, की धरायला मिगइतकं सोयीचं विमान शोधून सापडणार नाही. पुढे हवा घ्यायचं तोंड, मागे एक्झॉस्टचं भोक, मधे सरळ नळकांडं. चायनीज जेवणाबरोबर येते ती लाकडी चॉपस्टिक घ्या, नाहीतर जुन्या ब्रशचा दांडा. टोकाला मास्किंग टेपचे वेढे देत जा आणि मधूनमधून एक्झॉस्टच्या भोकात घालून बघा. हलकेच पिळून आत सरकवल्यावर विमान उलटं करून हलवलं तरी निसटता कामा नये, इतपत जाडी झाली की थांबा. आता पकडायला वीतभर दांडी आहे. हवं तसं फिरवा, पोटाखाली रंगवा, शेपटी रंगवा, झालं की दांडी वाळू भरलेल्या डब्यात खोचून मोकळे व्हा. डबा जड आणि बुडाला रुंद घ्या. नाकात वजन भरलेलं असेल तर विमान पुढे झुकून डब्यासकट आडवं होतं.

वजनाचं आलंच आहे तर सांगून टाकतो. तीन चाकांवर उभी राहणारी अशी मॉडेलं नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतात, म्हणून किटाच्या कागदावर वजन भरायला सांगितलेलं असतं. बरेच जण गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरतात. शिसं बोटांना लागतं आणि बोटं तोंडाला. त्यापेक्षा सायकलच्या दुकानातले स्टीलचे छर्रे भरा, काम तेच होतं.

बारक्या भागांसाठी इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात क्रोकोडाइल क्लिप मिळतात. कबाबाच्या बांबूच्या काड्यांना त्या बसवून घ्या. चाकाच्या मधल्या भोकात टूथपिक खुपसा. चाकांच्या खोबणीची झाकणं आईस्क्रीमच्या काडीवर दुतर्फी चिकटणारी टेप लावून एका ओळीत बसवा आणि एका दमात रंगवा. क्षेपणास्त्रं आणि पोटाखालची टाकी यांना जिथे गम लागणार आहे तिथे बारीक भोक पाडून टाचणी घातली की त्यांनाही दांडी मिळाली. ही सगळी तयारी म्हणजे एका संध्याकाळचं काम, आणि त्या संध्याकाळी प्रत्यक्षात काहीच घडल्यासारखं वाटत नाही. लोक नेमकी तीच संध्याकाळ वाचवायला जातात आणि मग महिनाभर हात घासत बसतात.

आता पंखावरचा अंगठा.

तो रंगातला ठसा नाही, गमातला आहे. किटाचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यासाठीचा पातळ गम खरं म्हणजे चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, गम उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. पाण्याइतका पातळ असल्याने ब्रशचं टोक फटीला टेकवलं की तो आपणहून फटीतून धावत जातो. तुमचा अंगठा त्या फटीवर आडवा होता. अंगठा आणि पंख यांच्यामध्ये जी केसभर फट असते तीही त्याला फटच. तो तिथे शिरला, खालचं प्लॅस्टिक मऊ झालं, आणि तुम्ही घट्ट दाबून धरलं होतं म्हणून ठसा छापला गेला. बोटाच्या ठशातल्या दोन रेषांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. त्याला ७२ ने गुणलं की खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटर होतात. म्हणजे तुमच्या मिगच्या पंखावर आत्ता नांगरट झालेली आहे आणि वडिलांना ती पहिल्या नजरेत दिसणार.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त हात आवरायला हवा. गम ओला असताना पुसायला गेलात की मऊ प्लॅस्टिक फरफटतं. पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. मग हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, आधी ६०० नंबरचा, मग १०००, मग १५००. तिन्ही पाण्यात भिजवून, खोडरबराच्या तुकड्याभोवती गुंडाळून घासा, बोटाने नको. बोटाने घासलं की मधे खड्डा पडतो आणि चंदेरी रंगाखाली तो खड्डा पोपटासारखा बोलायला लागतो. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक रेषा पुसल्या गेल्या तर जाड टेप पट्टीसारखी लावून सुईने पुन्हा ओढा. ओलं घासण्याचा आणखी एक फायदा म्हणजे भुकटी उडत नाही, पाण्यात बसते. टेबलावरची कोरडी भुकटी फुंकर मारून उडवायची सवय असेल तर ती मात्र आजपासून बंद. ओल्या फडक्याने टिपा.

यापुढे जोडताना बोटं फटीपासून लांब ठेवा. दोन्ही अर्ध्या बाजू जुळवून मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्यांनी किंवा रबरबँडने बांधा, मधल्या मोकळ्या जागेत गम टेकवा, तो वाळला की पट्ट्या काढून राहिलेल्या जागी टेकवा. गम पट्टीखालीही शिरतो, म्हणून पट्टी असताना तिथे द्यायचा नाही. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे पंखांच्या कडांना फार चांगले लागतात. आणि जास्तीचा गम घेऊ नका. बाटलीच्या झाकणाच्या ब्रशला गरजेच्या चौपट गम येतो, तो काठावर निथळून मगच बाहेर काढा.

जोडकाम संपलं की विमान धुवायचं. हे बहुतेक जण गाळतात. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात साच्याला तेलकट पदार्थ लावतात, त्याचा अंश प्लॅस्टिकवर राहतो. त्यावर तुमच्या बोटांचा घाम आणि तेल. या दोन्हींवर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड थेंबभर, जुना मऊ टूथब्रश. नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात ठेवलात तर पंख वाकतील. रंगायच्या अगदी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने एक हात फिरवा. त्या क्षणापासून विमान सोवळ्यात आहे असं समजा. दांडी धरायची, अंगाला शिवायचं नाही. रंग दिल्यावर मात्र हे अल्कोहोल अंगाला लावू नका. अॅक्रिलिक (पाण्याने पातळ होणारा) रंग त्याने उचलला जातो.

आता तुमचं खरं दुखणं, चंदेरी.

बाकी कुठल्याही रंगापेक्षा चंदेरी जास्त का लागतो याला कारण आहे. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक, चपटे कण असतात. बऱ्याच चंदेरी इनॅमलमध्ये, म्हणजे थिनरने पातळ होणाऱ्या तेलकट रंगात, हे कण रंग वाळताना वर तरंगून येतात आणि पृष्ठभागावर आडवे पसरतात, चमक त्यानेच येते. पण वरच्या कणांना खालच्या रंगाने पुरतं धरलेलं नसतं. म्हणून रंग खणखणीत वाळला तरी बोट फिरवलं की थोडी चांदी बोटावर येतेच. तुमच्या हाताला लागतंय ते निम्मं ओल्या रंगातून आलेलं नसेल, वाळलेल्या विमानावरून आलेलं असेल. आणि जिथून चांदी बोटावर आली तिथे विमानावर मळकट डाग पडला असेल, बघा जाऊन.

इनॅमल हाताला कोरडं लागणं आणि आतून पक्कं होणं यांत दिवसाचं, कधी दोन-तीन दिवसांचंही अंतर असतं. नाशिकच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. नाक जवळ नेऊन वास घ्या. वास येत असेल तर रंग अजून वाळतोय. ही जुनी परीक्षा आहे आणि घड्याळापेक्षा भरवशाची आहे. पक्कं झालं की त्यावर पारदर्शक अॅक्रिलिक ग्लॉसचा पातळ हात द्या. चमक एखादा गुण उतरते, पण चांदी बंदिस्त होते. ती बंदिस्त होईपर्यंत दांडी काढायची नाही.

रंग ओला असताना हाताला कुठून लागतो हे एकदा लक्ष देऊन बघा. ब्रशच्या टोकावरून क्वचितच. लागतो तो डबीच्या काठावरून. इनॅमलच्या छोट्या पत्र्याच्या डबीचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की भोवतीच्या खोबणीत रंग साचलेला असतो. आपण ब्रश बुडवतो, काठावर निथळतो, खोबण आणखी भरते. झाकण लावताना अंगठ्याने दाबतो तेव्हा खोबणीतला रंग वर येऊन अंगठ्याला लागतो. तोच अंगठा फोनला, दरवाज्याला, पासबुकाला. म्हणून डबीत ब्रश घालूच नका. टूथपिकने ढवळा, त्याच टूथपिकने चार थेंब बाहेर काढा. गोळ्यांचं रिकामं पाकीट असतं ना, प्रत्येक गोळीची वाटी असलेलं, ते यासाठी उत्तम. दर वाटीत थोडासा रंग, काम झालं की टाकून द्या. डबीचा काठ कागदाने पुसा, झाकण कागद मधे धरून दाबा आणि लगेच आत ठेवा. एवढ्यानेच निम्मा ताप कमी होईल.

बसताना फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर डावीकडे ओलं फडकं, उजवीकडे कोरडं, आणि चहाचा कप टेबलावर नाहीच. ब्रश चहात बुडाला म्हणून हसतो आपण, थिनरच्या वाटीला ओठ लागले तर हसू येणार नाही. नियम म्हणून एवढंच: उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात दांडी, आणि तिसरी कुठलीही वस्तू उचलायची तर आधी हात पुसायचे.

हातमोजे. त्यांच्यावर माझा राग नाही, पण लोक ते चुकीच्या कामाला वापरतात. जोडकामात घालू नका. तुमच्यासारखी गत होते, मोजाचं ढिलं टोक गमात सापडतं. रंगाच्या स्प्रेचा डबा किंवा एअरब्रश वापरणार असाल, थिनरने ब्रश किंवा बाटली धुणार असाल, धुऊन झालेलं विमान दांडीवर चढवणार असाल, तेव्हा घाला. मेडिकलच्या दुकानात निळे नायट्राइलचे मिळतात, पावडर नसलेले घ्या आणि मापाचे घ्या, बोटाच्या टोकाला पिशवी राहता कामा नये. लेटेक्सचे नकोत, काहींना त्याची अॅलर्जी असते. घाम येतोच, त्याला इलाज म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात वाळवणं. आणि नायट्राइल म्हणजे चिलखत नव्हे. ॲसिटोन किंवा एनसी थिनर (लॅकरचं जहाल थिनर) त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. अंगावर उडालं की मोजा काढा, फेका, नवा घाला. मोजाचा आणखी एक धोका असा, की घातला की माणूस बिनधास्त होतो. हात स्वच्छ राहतो, पण रंगलेला मोजा सगळ्या घरभर फिरतो. वहिनींच्या फ्रीजला बोट हाताचं लागलं की मोजाचं, यात काही फरक नाही.

जर कुठे बुजवायला एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी पुटी मळणार असाल तर मात्र मोजे हवेतच. कच्चं इपॉक्सी वरचेवर त्वचेला लागलं की काहींना त्याची कायमची अॅलर्जी जडते, आणि एकदा जडली की पुढे थोडंसं लागलं तरी खाज सुटते. मोजाचं टोक पाण्यात बुडवून पुटी सारखी केली की ती चिकटत नाही. थ्रीडी प्रिंटच्या कच्च्या रेझिनचंही तेच. तुमच्या किटात ते नसेल, पण या छंदात पाय टाकलाय तर कधीतरी गाठ पडेलच.

आता हात धुण्याचं, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत. थिनर हाताला लावणं आजच बंद करा. त्वचेवर तेलाचा एक थर असतो, तो ओलावा आत धरून ठेवतो. थिनर रंगाबरोबर तो थरही विरघळवून नेतं. त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात, आणि पुढच्या वेळी तेच थिनर भेगांमधून आणखी आत जातं. म्हणजे जितकं धुवाल तितकं वाईट. भेगा भरेपर्यंत, आठवडा-दोन आठवडे, रंगकाम थांबवा. डिसेंबर लांब आहे. रात्री साधं पेट्रोलियम जेली चोळून झोपा. तरीही लाली, खाज, पाणी येणं चालू राहिलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय काय वापरता ते डब्यांसकट सांगा, नुसतं "रंग" म्हणू नका.

इनॅमल काढायला घरचं खोबरेल तेल पुरतं. तेलात इनॅमल सैल होतं. कोरड्या हातांवर चमचाभर तेल घ्या, पाणी अजून लावू नका. नाशिकच्या थंडीत ते बाटलीत गोठलेलं असेल, तळहातावर चोळलं की विरघळतं. दोन मिनिटं सावकाश चोळा, नखांच्या कडेने जास्त. जुन्या सुती फडक्याने पुसा. राहिलेल्या रंगावर पुन्हा तेल आणि त्यात चिमूटभर साखर किंवा डाळीचं पीठ, खरखर म्हणून. मग कोमट पाणी आणि साधा साबण. अॅक्रिलिक रंग असेल तर तो ओला असतानाच साबण-पाण्याने जातो. वाळला असेल तर आधी हात भिजत ठेवा, मग तो सालासारखा सुटतो.

नखांत रंग जाऊच नये यासाठी एक जुनी युक्ती आहे. कामाला बसण्याआधी साबणाच्या कोरड्या वडीवर नखं ओढा. नखांखाली साबण भरतो, रंगाला जागा राहत नाही, आणि उठल्यावर धुतलं की दोन्ही निघून जातं. बोटांची टोकं मात्र फडक्याने पुसून मगच बसा.

क्रीमचं विचारलंत. ते कामानंतर. कामाआधी बोटांना क्रीम, व्हॅसलीन, खोबरेल काहीही लावलंत तर ते विमानावर उतरणार, आणि सिलिकॉन असलेल्या क्रीमचा पुसटसा डाग पडला तरी त्यावर रंग थांबत नाही, गोल गोल डोळे पडतात. घाम परवडला.

फेविक्विकबद्दल पत्रात काही नाही, पण कॉकपिटच्या काचेपाशी पोचलात की मोह होईल, म्हणून आत्ताच सांगतो. हा गम हवेतल्या आणि त्वचेवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे तो सगळ्यांत लवकर चिकटवतो ती बोटं. चिकटलीच तर ओढू नका, कातडी निघेल. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा आणि हळूहळू लाटल्यासारखी एकमेकांवर फिरवा. ॲसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर हे काम लवकर करतं, पण बाटलीवर "ॲसिटोन-फ्री" लिहिलेलं असेल तर उपयोग नाही. ते वापराल तेव्हा विमान दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ॲसिटोनने पॉलिस्टायरीन वितळतं. आणि सांडलेला फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने कधी पुसू नका. कापसाशी त्याचा असा काही मेळ जमतो की चटका बसण्याइतकी उष्णता तयार होते.

काचेला तर तो नकोच. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि ती साय आधी कुठे धरते ते ऐका: काचेवर तुमच्या बोटांचे जे अदृश्य ठसे असतील त्यांवर. गुन्ह्याच्या तपासात पुरावा असलेली वस्तू बंद पेटीत ठेवून तिला हीच वाफ देतात आणि लपलेले ठसे पांढरे होऊन वर येतात. तुमच्या वैमानिकाच्या डोक्यावर तसा पुरावा उमटायला नको. काच चिमट्याने धरा आणि पांढऱ्या फेविकॉलने बसवा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त झालेला ओल्या ब्रशने पुसता येतो.

एका सवयीबद्दल खडसावून सांगतो, ती तुम्हाला असो वा नसो. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं नाही. १९१७ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग भरत आणि टोक येण्यासाठी ब्रश ओठांत घेत. त्यांना तसंच शिकवलं होतं. त्यांच्या जबड्यांची हाडं झिजली, कित्येकींचा जीव गेला. आपल्या रंगात रेडियम नाही, पण पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असू शकतं आणि जुन्या डब्यांत शिसं. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. माळ्यावर त्याआधीचा ऑइल पेंटचा डबा सापडला तर काटकसर म्हणून मॉडेलला वापरू नका. ब्रशला टोक ओल्या फडक्यावर फिरवूनही येतं.

शेवटचं काम डिकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचं. तिरंगी चक्रं, शेपटीवरचा तिरंगा, विमानाचे क्रमांक. इथे हात ओले हवेत. कोरड्या बोटाला डिकल लागलं की ते बोटावरच गुंडाळतं आणि मग ते सोडवणं म्हणजे छळ. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, कागदासकट विमानापाशी न्या, ओल्या ब्रशने सरकवा. बोटाचा संबंध नाही. सभोवती गमाचं पाणी पसरतं, ते वाळण्याआधी ओल्या फडक्याने टिपा, नाहीतर चंदेरीवर पिवळसर कड उरते. हे सगळं ग्लॉसचा हात दिल्यानंतर, आणि डिकल पक्के बसल्यावर ग्लॉसचा आणखी एक हात.

हा दुसरा हात तुमच्या बाबतीत ऐच्छिक नाही. कारण तुम्ही सगळी काळजी घेऊन, न शिवता, विमान पूर्ण कराल आणि पंच्याहत्तरीला वडील ते पहिल्या झटक्यात उचलतील. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला. ज्या माणसाची नोकरी त्या विमानावर गेली, त्याला "हात लावू नका बरं का" असं सांगायची तुमची प्राज्ञा आहे का? हवाई दलाने १९६३ मध्ये घेतलेलं विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप देऊन निवृत्त केलं, त्यानंतर तर नाहीच नाही. ते उचलणार, उलटं करून चाकांच्या खोबणी बघणार, आणि तुमचं एखादं झाकण उलटं लागलं असेल तर तेही सांगणार.

तेव्हा त्यांच्या हाताच्या हिशेबाने बांधा. चाकांचे पाय नुसत्या गमावर न ठेवता आत पितळी तारेची खुंटी घालून बसवा. नाकापुढचा लांब दांडा, ज्यातून हवेचा वेग मोजतात, तो प्लॅस्टिकचा असेल तर काढून इंजेक्शनच्या सुईचा करा. मेडिकलमधून नवी सुई घ्या आणि टोक कानशीने पूर्ण बोथट करा. पंच्याहत्तरीला कुणाच्या बोटात घुसायला नको. मागच्या भोकातली दांडी काढल्यावर तीच जागा स्टँडला वापरता येईल. एक इंच जाड लाकडी ठोकळा आणि त्यातून तिरकी वर आलेली पितळी सळई केलीत तर वडील विमान ठोकळ्याला धरून उचलतील.

वॉटर पेपर पहिल्या दिवशीच आणून ठेवा, १५०० नंबरचा छोट्या दुकानांत बरेचदा संपलेला असतो. आणि पासबुकवाल्या ग्राहकाला काही सांगत बसू नका, नवीन पासबुक छापून द्या.

कळवा कसं जमलं ते.